महेबूब मास्तरांचा मेंदू आणि माझी डॉक्टरकी

माझ्या नव्या पांढऱ्या कोटाचे दोन्ही खिसे शिवून बंद केलेले आहेत, हे मला जिल्ह्याच्या सर्जनसाहेबांसमोर कळलं. साहेब उस्मानाबादहून उमरग्याच्या सरकारी दवाखान्याची तपासणी करायला आले होते. एका म्हाताऱ्याची छाती तपासून मी स्टेथोस्कोप ऐटीत खिशात सोडायला गेलो, तो खाली फरशीवर पडला. उचलून पुन्हा सोडला, पुन्हा पडला. मग मी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा साहेब म्हणाले, "डॉक्टर, रोग्याचं काळीज कुठं असतं हे तुम्हाला माहीत आहे. स्वतःचा खिसा कुठं असतो तेवढं शोधा."

आमचे कंपाउंडर शिवाप्पा मागं उभे होते. ते नम्रपणे म्हणाले, "सायबांचा दोष न्हाय. या म्हैन्यात गावातले समदेच खिसे बंद हायेत. हेडमास्तरचे, फौजदारसायबाचे. महेबूब मास्तरनं शिवलेल्या एकाबी कपड्याला खिसा न्हाय. म्हंजी खिसा हाय, पर तोंड न्हाय."

साहेब हसले. मीही हसलो, कारण वरिष्ठ हसले की हसायची पद्धत होती. पण मनात म्हटलं, शिंपी दारू प्यायला लागला असणार. माझं पहिलं निदान हे असं.

थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. मी हैदराबादला डॉक्टरकी शिकलो ती उर्दूतून. मेंदूला आम्ही दिमाग म्हणायचो, मज्जातंतूंना आसाब. निजामाचं राज्य गेलं, मग कारभार मराठीत आला आणि नवी पुस्तकं इंग्रजीतून येत राहिली. त्यामुळं मला रोग उर्दूत समजायचा, त्याचं औषध इंग्रजीत सापडायचं आणि रोग्याला सांगताना मराठीत तोंड उघडलं की मी मुका व्हायचो. ही उणीव झाकायला मी जड शब्द पाठ केले होते. 'छिन्नमनस्कता', म्हणजे इंग्रजीतला स्किझोफ्रेनिया, हा त्यातला माझा लाडका शब्द. एकदा तो एका बाईसमोर वापरला तर तिनं हात जोडले आणि विचारलं, या देवीचं ठाणं कुठं आहे?

दवाखान्यात येणारं गिऱ्हाईक बहुतेक हिवतापाचं. बारवांचं पाणी पिऊन झालेला नारू, अडलेली बाळंतीण, विंचू, बैलानं मारलेलं शिंग. वेड लागलेलं माणूस सहसा आमच्याकडं यायचंच नाही. त्याला दर्ग्यात नेत, येरमाळ्याला येडाई देवीच्या पायावर घालत, आणि फारच हातघाईवर आलं तर गोठ्यात साखळीनं बांधत. शेवटी पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करून दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडत. तिथून परत आलेला मी एकही पाहिला नव्हता.

तपासणी आटोपल्यावर कोट घेऊन मी महेबूब मास्तरांच्या दुकानी गेलो, भांडायला. सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून त्यांचं दुकान. माणूस पस्तिशीच्या आतबाहेर, सडपातळ, हात असे की गाठ पडलेला दोरासुद्धा त्यांच्या बोटांत आपण होऊन सुटावा. पुण्यात शिकून आलेल्या वकिलांनाही उमरग्यात कोट शिवून घ्यावासा वाटे, तो या हातांसाठी.

मास्तर मशीनवर बसले होते, पण मशीन चालत नव्हतं. मी कोट पुढं टाकला.

"मास्तर, हे काय?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "डाक्टरसाब, तुमच्या भल्यासाठीच केलं. खिशातून बोलतात."

"कोण?"

"त्यांचं नाव घेऊ नका. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की त्याच्या खिशातून सुरू होतात. म्हणतात, याचंच माप घ्या. लांबी घ्या, रुंदी घ्या. कफनाचं माप हो. माझ्या." एवढं बोलून त्यांनी कात्रीवरची धूळ फुंकली. "खिसा बंद केला की आवाज बारीक येतो."

मी भांडण विसरलो. पडद्याआडून त्यांची बायको हमीदाबी बाहेर आल्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि सांगितलं ते असं: रमजानच्या आधीपासून हे झोपत नाहीत. जेवण आधी मांजराला घालून बघतात. ताईत झाले, धुनी झाली. सासू म्हणते, हिनं पानातून काही चारलं. "तुमीच सांगा, डाक्टरसाब. म्या काय चारणार? घरात तर मीठ सासूच्या हातचं."

आता खरं तर गप्प बसून ऐकायची वेळ होती. पण मी नुकताच एक लेख वाचला होता आणि मला ज्ञान देण्याची घाई झाली होती. दुसऱ्या दिवशी मी खाटकाकडून बोकडाचा भेजा आणवला, पांढऱ्या ताटलीत ठेवला आणि हमीदाबी, सासूबाई आणि थोरला दीर यांना दवाखान्यात बोलावून व्याख्यान दिलं. म्हटलं, माणसाचा मेंदू असाच, फक्त मोठा. ही घडी, हा मध्ये पाण्याचा कप्पा, हा खाली देठ. मास्तरांचा आजार इथं आहे. भुताचा नाही, सुनेचा नाही.

दिरानं विचारलं, "म्हंजी यात भोक पडलं व्हय?"

"नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी असे मेंदू मेल्यावर कापून पाहिले. भोक नाही, गाठ नाही, काही दिसत नाही."

"मंग दिसत न्हाय तर हाय कशावरून?"

या प्रश्नाला त्या काळात जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडं धड उत्तर नव्हतं. मी मात्र 'छिन्नमनस्कता' हा शब्द काढला. सासूबाई उठून गेल्या. हमीदाबी ताटलीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमी तर हा कांद्यात परतून खातो." शिवाप्पांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

लेखात एका नव्या गोळीची माहिती होती. तिचं नाव क्लोरप्रोमाझीन. तोवर आमच्याजवळ वेडावर काय होतं? झोपेचं औषध, दोरी आणि देव. ही गोळी म्हणे रोग्याला नुसतं झोपवत नाही, त्याच्या डोक्यातला गलका कमी करते. कशी, ते कुणाला माहीत नव्हतं. मी सोलापूरहून ती मागवली आणि मास्तरांना सुरू केली. सुरुवातीला ते नुसते झोपत. मग एका सकाळी ते आपणहून दवाखान्यात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "डाक्टरसाब, आज गिऱ्हाइकाचं माप घेतलं. खिसा गप होता."

मला आजही ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. त्या वेळी मात्र काट्याऐवजी शिंगं फुटली. मी रस्त्यानं चालताना मान थोडी वर धरू लागलो. बायको म्हणाली, "तुमच्या टोपीला दार लहान पडायला लागलंय." बातमी बाजाराच्या दिवशी पसरली आणि माझ्याकडं डोक्याच्या गिऱ्हाइकांची रीघ लागली. माकणीहून एक शेतकरी आला. त्याचा मुलगा तमाशात जायचं म्हणत होता, ते खूळ काढणारी गोळी त्याला हवी होती. एकानं सासूसाठी मागितली, सासूला न सांगता द्यायची अशी. एकजण चक्क मारका बैल घेऊन दारात उभा राहिला. मी जनावरांचा डॉक्टर नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "भेजा तर सारखाच म्हणत होता की तुमी."

या ऐटीत असतानाच मास्तरांचे हात गेले.

आधी त्यांचा चेहरा बदलला. हसू आलं तरी चेहऱ्यावर उमटेना. चालताना पावलं बारीक पडू लागली, हात अंगाला चिकटून राहू लागले. मग बोटं थरथरू लागली. एकदा दुकानात गेलो तर ते सुईत दोरा ओवत होते. दोरा नेढ्याच्या अलीकडं पलीकडं नाचत होता. हमीदाबींनी न बोलता सुई घेतली, दोरा ओवून परत हातात दिली. मास्तरांनी ती मशीनवर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले.

एखादा शहाणा डॉक्टर इथं काळजीत पडला असता. मीही पडलो, नाही असं नाही. पण काळजीच्या शेजारीच मनात एक वेगळं गुदगुल्या करणारं काहीतरी बसलं होतं. म्हाताऱ्यांना होणारा कंपवात तरुण माणसाला होतो, तोही वेड उतरल्यावर! हा रोग माझ्या पुस्तकात नव्हता. याचा अर्थ तो नवा होता. याचा अर्थ तो मी शोधला होता. मी त्याला नावही ठेवलं: 'उमरगा कंप'. माझं स्वतःचं नाव द्यावं की गावाचं, यावर मी अंघोळ करताना बराच विचार केला होता, आणि विनयानं गावाचं निवडलं होतं.

महिन्याची रजा काढली आणि हैदराबादला माझ्या जुन्या प्रोफेसरांकडं गेलो. ते वेड्यांच्या इस्पितळात सल्ल्याला जात. मी त्यांना सगळं सांगितलं, थरथर, ताठर चेहरा, बारीक पावलं. शेवटी घसा साफ करून म्हणालो, "सर, मला वाटतं हा आजवर नोंदला न गेलेला प्रकार आहे."

प्रोफेसरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. उर्दूत म्हणाले, "चलिए." ते मला एका लांब वॉर्डात घेऊन गेले. तिथं रोगी ओळीनं फेऱ्या मारत होते. सगळ्यांची पावलं बारीक, हात अंगाला चिकटलेले, चेहरे गोठलेले. वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझे महेबूब मास्तर चालत होते.

"हा तुमचा नवीन रोग," ते म्हणाले. "ती गोळी जिथं जिथं पोचली, तिथं तिथं हा पोचला. मात्रा कमी करा. आणि कंपवाताची ही दुसरी गोळी जोडीला द्या."

"पण सर, गोळी दिली वेडाला आणि धरले हात, असं का?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "डोक्यात कुठंतरी आवाज आणि हात शेजारी राहत असावेत. तुम्ही तरुण आहात. कुणाला कळलं तर मला सांगा."

ती दुसरी गोळी पिशवीत घालून मी परतीच्या बसमध्ये बसलो. 'उमरगा कंप' हुमनाबादच्या अलीकडंच कुठंतरी खिडकीतून फेकून दिला.

उमरगा जवळ आलं आणि बस थांबली. पुढं ट्रकांची रांग लागली होती. खाली उतरून आलेला ड्रायव्हर म्हणाला, "एक येडं शेंगांच्या ट्रकवर चढून बसलंय. हातात कात्री हाय. कुणाला जवळ येऊ देईना."

त्याचं शेवटचं वाक्य ऐकायच्या आधीच मी चालायला लागलो होतो.

पोत्यांच्या थप्पीवर, भर उन्हात, महेबूब मास्तर बसले होते. मोठी कापडकात्री मांडीवर. खाली गर्दी. फौजदार घामानं भिजलेले. ट्रकच्या फळीला पाठ लावून हमीदाबी उभ्या होत्या, आणि कुणीतरी खडा उचलला तशा ओरडल्या, "मारायचा तर हिकडं मारा! हिकडं!"

त्यांनी मला पाहिलं आणि भराभर सांगितलं. मी गेलो त्या सुमाराला मास्तरांनी गोळ्या बंद केल्या होत्या. वर्ष फिरून ईद तोंडावर आली होती, गल्लीतल्या मुलाबाळांचे कपडे त्यांच्याकडं होते, आणि हात चालत नव्हते. गोळी सोडली तसे हात परतले. रात्रंदिवस मशीन चाललं. सगळे कपडे वेळेवर गेले. आणि मग हातांच्या मागोमाग आवाजही परतले. ते म्हणू लागले, तुझं माप ट्रकात घालून हैदराबादला पाठवलंय, तिकडं कफन बेतायला. म्हणून मास्तर ट्रक अडवायला आले होते.

फौजदार म्हणाले, "डॉक्टर, रोगी तुमचा. तुम्ही उतरवता, का मी उतरवू? मी उतरवला तर थेट मॅजिस्ट्रेटपुढं, आणि तिथून वेड्यांच्या इस्पितळात."

मी पोत्यांखाली उभा राहून बोलायला सुरुवात केली. "मास्तर, घाबरू नका! तुमच्या मज्जासंस्थेत जो क्षोभ..." गर्दीत कुणीतरी खदखदून हसलं. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. गर्दीतून पुढं आलेले शिवाप्पा मागून म्हणाले, "सायेब, वर जा. हितनं काय बी ऐकू जात न्हाय."

तेव्हा मी वर चढलो. म्हणजे चढण्याचा प्रयत्न केला. माझं शरीर बैठकीचं. दुसऱ्या पोत्यावर पाय टाकला आणि विजारीची शिवण मागून उसवली, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. सगळी गर्दी हसली. मी पोत्याला मिठी मारून मधेच लटकलो. वरून एक हात खाली आला, घट्ट, स्थिर, आणि त्यानं मला दंडाला धरून वर ओढून घेतलं.

मास्तरांनी वाकून माझी विजार पाहिली. "कुणी शिवली?"

"सोलापूरला तयार घेतली."

"तरीच," ते म्हणाले.

मी शेजारी बसलो. दम लागला होता, त्यामुळं व्याख्यान देता आलं नाही. हे फार बरं झालं. इतके महिने मी त्यांना औषध देत होतो, पण जे विचारायचं ते मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. "मास्तर, ते आत्ता काय म्हणतायत?"

"आत्ता?"

"हो, आत्ता."

त्यांनी कान दिला. "म्हणतात, हा तुला झोपवायला आलाय."

"नाही आलो."

"म्या बी त्यांना तेच सांगतोय. पण ते लई आहेत, डाक्टरसाब. म्या एकटा." मग त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं पसरले. उन्हात ते हात दगडासारखे स्थिर होते. "हे बघा. ईदला एका लेकराचं बी कापड बिघडलं न्हाय. तुमची गोळी खाल्ली की आवाज मरतो, अन् हात बी मरतात. म्या शिंपी. हात मेल्यावर गप बसून ऐकायचं तरी काय?"

मी पिशवीतली नवी गोळी काढून दाखवली. म्हटलं, ही हातासाठी आहे. आणि ती दुसरीही कमी करू. पण आवाज थोडे राहतील कदाचित.

त्यांनी ती गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. खाली फौजदार घड्याळ बघत होते. मग मास्तर म्हणाले, "समदे मारू नकाच. थोडी कुजबुज राहू द्या. तेवढं म्या सोसतो. पण हात द्या."

आमच्या पुस्तकात लिहिलेलं असे की लक्षणं पूर्ण गेली पाहिजेत. पुस्तक लिहिणाऱ्याला पोत्यांवर बसून कुणी तळवे दाखवले नसावेत. मी म्हटलं, "कबूल."

"हमीदाला विचारा," ते म्हणाले. "तिलाच सोसायचं हाय."

हमीदाबी खालून म्हणाल्या, "कबूल, कबूल, कबूल! आता उतरा!" आणि मग निकाहात म्हणतात तसा तोच शब्द आपण तीनदा उच्चारला हे ध्यानात येऊन त्यांनी तोंडाला पदर लावला. मास्तरांच्या थकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी कात्री मला दिली नाही, म्हणाले, "तुम्ही पडाल." वाकून ती बायकोच्या हाती दिली. आधी ते उतरले, मग मला उतरवून घेतलं. फौजदारांनी मला विचारलं, जबाबदारी घेता? मी म्हटलं, घेतो. घेताना माझा एक हात विजारीच्या उसवलेल्या शिवणीवर होता.

पुढचं काम सावकाशीचं होतं. मात्रा थोडी उतरवायची आणि बघायचं. फार उतरवली की मास्तर दुकानाच्या दारातून रस्त्याकडं रोखून बघू लागत. फार चढवली की कातरण वाकडी जाई. कुठली पायरी बरोबर, याचा निकाल हमीदाबी देत. त्या दवाखान्यात येऊन सांगत, "काल जेवताना मांजराला न्हाय घातलं," किंवा "काल काज नीट झाले न्हाईत." त्यावर मी मात्रा ठरवत असे. माझ्या तोंडून 'छिन्नमनस्कता' हा शब्द हळूहळू गेला. शेवटी एक अशी जागा सापडली की मास्तरांचे हात पूर्वीच्या हातांचे सहज भाऊ म्हणता येतील इतपत परत आले, आणि आवाज राहिले ते एवढेच, पलीकडच्या घरात कुणी बोलतंय असे. वकिलांचे कोट त्यांनी सोडले. शाळेचे सदरे, परकर, उशांचे अभ्रे शिवू लागले. ते कोट शिवत नाहीत याची खंत त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती. सासूबाई मात्र मरेपर्यंत पानाचंच बोलत राहिल्या. बोकडाच्या भेज्यानं त्यांना पटवायचं माझं स्वप्न अपुरं राहिलं.

माझी बदली झाली, मग आणखी बदल्या झाल्या, मी निवृत्त झालो. पुष्कळ वर्षांनी पुण्यातल्या एका सभेत, मागच्या रांगेत, पेंगत बसलो असताना एका तरुण डॉक्टरबाईंनी भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि मी खडबडून जागा झालो.

त्या सांगत होत्या ते साध्या शब्दांत असं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते टिपून घेते. असं एक रसायन म्हणजे डोपामिन. कुठली गोष्ट महत्त्वाची, कशाकडं लक्ष द्यायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या आतल्या एका भागात ते जास्त सुटतं. मग कुठल्याही क्षुल्लक गोष्टीला भलताच अर्थ चढतो. समोरच्या माणसाचा खिसासुद्धा आपल्याशीच काही बोलतोय असं वाटतं. आमची ती जुनी गोळी रसायन टिपणारी जागाच अडवते, म्हणून गलका कमी होतो. पण हेच डोपामिन शेजारच्या दुसऱ्या वाटेवर हातापायांच्या हालचाली सांभाळतं. गोळीला वाट ओळखता येत नाही. ती दोन्हीकडं जागा अडवते. तिकडं आवाज बसतात, इकडं हात बसतात.

मग त्यांनी मेंदूचे फोटो दाखवले. या आजाराच्या पुष्कळ लोकांचे फोटो निरोग्यांच्या फोटोंशी ताडून पाहिले तर मधले पाण्याचे कप्पे सरासरीनं किंचित मोठे आणि वरची करडी साय किंचित पातळ निघते. पण फरक इतका थोडा की एकच फोटो हातात घेऊन हा रोगी, हा निरोगी, असं सांगता येत नाही. म्हणूनच जुन्या लोकांना कापूनही काही दिसलं नव्हतं. आणि डोपामिन म्हणजे सगळी गोष्ट नव्हे, आणखीही रसायनं यात आहेत आणि बरंच अजून कळायचं आहे, असंही त्या म्हणाल्या. हे त्यांनी कबूल केलं तेव्हा मला त्या फार आवडल्या.

माझे प्रोफेसर तोवर वारले होते. 'कळलं तर सांगा' म्हणालेला माणूस उरला नव्हता. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. मी उमरग्याची बस पकडली.

मास्तर म्हातारे झाले होते. दाढी पांढरी, तोंड सारखं चघळल्यासारखं हलत होतं, तोही त्या गोळ्यांचाच जुना प्रसाद. दुकान मुलाच्या हाती होतं. हमीदाबींनी मला ओळखून आधी माझ्या विजारीकडं पाहिलं, मग चहा टाकला. मी डोपामिनची सगळी हकीकत सांगितली, दोन वाटा, अडवलेल्या जागा, सगळी. ताटली नाही, भेजा नाही. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते.

हमीदाबी म्हणाल्या, "म्हंजी पानात काय नव्हतं."

"काही नव्हतं, भाभी."

"ते मला ठाव होतं," त्या म्हणाल्या, आणि साखर जरा जोरातच ढवळली.

मी म्हटलं, मास्तर, आता नव्या गोळ्या निघाल्यात. हातांना कमी धरतात. इथला डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे, बदलून बघूया का? राहिलेली कुजबुजही जाईल कदाचित.

मास्तरांनी जरा विचार केला. मान तिरकी करून, सवयीनं, पलीकडं काय चाललंय ते ऐकल्यासारखं केलं.

"नव्या गोळ्या नव्या पोरांना द्या," ते म्हणाले. "माझे आवाज बी आता म्हातारे झाले, डाक्टरसाब. पूर्वी शिव्या द्यायचे. आता नुसते खोकतात."